एका मानशीपुरतं

दिमेत्रियुने रूट दिला नाही.
कातऱ्या पावाचा तुकडा चहात बुडवत
त्याने एवढंच विचारलं,
तुला मशीन हवंय की कार्ड?
कार्ड, मी म्हटलं.
मग कार्ड माग.

राग आला. खोटं कशाला सांगू.
सात वर्षं ड्रायव्हर लिहितोय,
आणि पाटोवरच्या या तिसऱ्या मजल्यावर
मला ओसरीवरच बसवून ठेवायचं?

पण चवथीच्या तोंडावर
माझा ड्रायव्हर कर्नलच्या पोटात बसून चालत होता तेव्हा
एका चुकीच्या पत्त्यावर लिहिलं त्याने
आणि सगळं मशीन जागच्या जागी थिजलं.
पर्पेतबाईंची पगारपत्रकं त्यात अडकली.
त्या काही बोलल्या नाहीत.
नुसत्या माझ्या टेबलाजवळून दोनदा गेल्या.

रात्रीची फेरीबोट, रायबंदर ते चोडण.
स्कूटरच्या सीटवर बसून मी पाण्याकडे बघत होतो.

बाबांच्या ताब्यात गावची एक मानस होती, तीस वर्षं.
एकच.
तिच्या फळ्या, तिचा दोर, तिच्यावरचं शेवाळ.
पलीकडची बोस्त्यांवची, तिला त्यांनी कधी हात लावला नाही,
बोस्त्यांव तापाने पडला होता तेव्हाही
आधी त्याच्या घरी जाऊन विचारून आले.

एका अमावास्येच्या भरतीला बाबांना डुलकी लागली.
फळी उघडी राहिली.
कोरगूट खाऱ्याला पुरून उरतं,
पण इतक्या खाऱ्याला नाही.
अकरा कुणगे गेले.
मधला बांध धरून राहिला, म्हणून अकराच.
सकाळी त्यांनी फळी बसवली, भेगेत चिखल लिंपला,
आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसले.

सोमवारी दिमेत्रियुने त्याच्या रूटने
कार्ड कर्नलच्या हातून सोडवलं
आणि त्याची फाइल माझ्या नावावर केली.
मेमरी किती कुलूपबंद ठेवता येईल, ती मर्यादा
वाढवायला तो विसरला होता.
माझा ड्रायव्हर दारातच आपटला तेव्हा आठवलं.
तेवढं करून तो उठला.
आता माझी गरज नाही, म्हणाला,
आणि हे तो आनंदाने म्हणाला.

कार्डाला आता माझीच तेवढी पानं दिसतात.
पलीकडे हात घालायला गेलं
की पत्त्यांचा बांध आडवा येतो.

ड्रायव्हर कुणी हाक मारायची वाट बघत नाही.
रिंगच्या काठावर उकिडवा बसून
आलं का, आलं का, आलं का,
सेकंदात किती लाख वेळा विचारतो देव जाणे.
एक अख्खा कोअर त्यात तापतो.
आई म्हणायची,
ह्यांचं चित्त मानशीवर,
इथे पेज निवून जाते.

गुरुवारी दुपारी तो मेला.
माझीच चूक. रिंगचं टोक मोजताना एकाने चुकलो.
पोटात गोळा आला, मान वळवून
पर्पेतबाईंकडे पाहिलं.
त्यांचा प्रिंटर चालू होता.
कागद निघत होते, एकामागून एक,
एक तिरका अडकला तो त्यांनी ओढून सरळ केला.

मी तो एक आकडा बदलला. ड्रायव्हर पुन्हा उठवला.
चार मिनिटं, फार तर पाच.
दिमेत्रियुला सांगायला गेलो
तर तो म्हणाला, कुठलं कार्ड?

घरी बाबांना सांगितलं, त्यांना कळेल असं.
ते सगळं ऐकून घेईपर्यंत
कानातलं यंत्र दोनदा शिटी वाजवून गेलं.
मग म्हणाले,
तो मधला बांध कुणी घातला?

नाव माहीत नाही, मी म्हटलं.

आमच्याचंही कुणाला माहीत नाही, बाबा म्हणाले,
आणि भरतीची वेळ बघायला
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले.