दहा-अकराचा पाना

जुनी गाडी का विकली, हे कुणी विचारत नाही.
नवी कोणती घेतली, एवढंच विचारतात.
सौताड्याच्या अलीकडं, टपरीवर,
मी कंपनीचं नाव सांगतो.
चौदा वर्षं जिला शिव्या घातल्या
तीच कंपनी.
आश्रुबा माझ्या चहात साखर टाकायची विसरतो.

काम तेच आहे:
पवनचक्कीची पोरं डोंगरावर न्यायची, खाली आणायची.
रस्ता म्हणजे मुरूम.
मुरूम संपला की काळी,
काळी भिजली की रस्ता नाहीच,
चाकाला आठवेल तसं जायचं.

जुनी बिघडायची. खोटं कशाला बोलू?
क्लच प्लेट, पाटे, दोनदा रेडिएटर,
एकदा तर मागचं दार कुसळंबला पडलं
आणि मला पाटोद्यात कळलं.
पण सांगून बिघडायची.
आधी कण्हायची, मग जळका वास, मग स्टेअरिंगला बारीक थरथर.
गौसमिस्त्रीपर्यंत पोचायला चार दिवस तरी द्यायची.
यालाच मी भरवसा म्हणायचो.
न मोडणारी वस्तू मी अजून पाहिलेली नाही.

त्या रात्री मात्र न सांगता.
ओढ्याच्या मधोमध, पाणी पायरीला लागलेलं,
मागं तीन पोरं,
आणि शेजारी वैजयंता मॅडम, पॅनलचा भडका हातावर घेतलेल्या,
हात ओल्या टॉवेलात.
कड् असं वाजलं.
इंजिन चालू, गिअर पडलेला, गाडी जागेवर.
पुढच्या चाकांचा दांडा ओढला;
तो दिवाळीपासूनच अडकलेला होता,
करू करू म्हणत राहिलेला.
मॅडम रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.
"किती वेळ?" एवढंच म्हणल्या.
मी टॉर्च घेऊन पाण्यात उतरलो,
उत्तर द्यायला नको म्हणून.

दीड तासानं दिवे दिसले.
लिंबागणेशच्या त्रिंबकची गाडी.
त्या दुसऱ्या कंपनीची. जिला मी डबडं म्हणायचो,
त्याच्या तोंडावर, चारचौघांत.
त्रिंबकनं साखळी अडकवली, मॅडमला पुढं बसवलं, ओढलं.
एक शब्द बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी बीडला जाऊन इसार दिला.
टाय लावलेलं पोरगं म्हणालं,
"सर, आता पाच वर्षं बॉनेट उघडायचं नाव नको."
मला ते शुभ वाटलं का अशुभ,
आठवत नाही.

परत येताना गॅरेजला थांबलो.
जुनी तिथं मागून उचलून ठेवलेली,
चाक काढलेलं, तुटलेला हाफशाफ्ट पोत्यावर.
गौसमिस्त्रीनं बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवलं.
निळं पडलेलं, गोळ्या चेपलेल्या.
"ये एक दिन का नै रे भुजंग," तो म्हणाला.
"महिने से बोलरी थी. तू सुन्याच नै."

महिन्यापूर्वीच तर मी टेप बसवला होता.
मोठे दोन स्पीकर. मागच्या चाकाच्या अगदी वर.

इसार परत मागता आला असता.
पावती खिशातच होती.

नवी चांगली आहे.
घाट चढते, चिखल काढते, काही म्हणत नाही.
मॅडमचा हात बरा झाला, त्या एसीसुद्धा लावतात.
अंगणात आता तेलाचा थेंब नाही;
जुना काळा डाग आहे, मी त्याच्या हातभर बाजूला लावतो.
बॉनेटखाली एक गुळगुळीत झाकण,
त्यावर हाताचं चित्र आणि लाल फुली.
गौसमिस्त्रीनं एकदा कान लावला झाकणाला, बराच वेळ,
आणि "अच्छी है" म्हणून बिडी पेटवली.

टेप कंपनीचाच आहे. लावत नाही.

दहा-अकराचा पाना हिला कुठंच लागत नाही.
तरी सीटखाली असतो,
खड्डा आला की खणखणतो.
पोरं मागून म्हणतात,
"भुजंगकाका, काहीतरी वाजतंय बगा."
वाजू दे, म्हणतो.