पडून राहिलेले

शनिवारी कुमासीत कोणी ना कोणी मातीला जातंच,
म्हणून माझी चूल पेटते.
हे मी लाजून सांगत नाही.

पहाटे चारला बॅटऱ्या चार्ज करते.
प्रिंटर टॅक्सीत, मांडीवर, तान्ह्या पोरासारखा.
अंगावर काळं-लाल कापड, कारण
शोकाच्या घरी रंगीत बाई शिरली
की माणसं चेहरा देत नाहीत.

बोआहेन मास्तर सांगायचे,
दुःख आजचं असतं, पोरी, फोटोही आजच दे.
उद्या तोच माणूस म्हणेल, मी इतका जाडा का दिसतो?
ताटं फिरायच्या आत
गरम फोटो हातात ठेव
आणि आपला हात पुढे कर.
आणि एक, फुकटचा फोटो कोणी भिंतीला लावत नाही.

सत्तावीस वर्षं असा हात पुढे केला.
दोन खोल्या झाल्या, वर पत्रा नाही, स्लॅब.
लेक नर्सिंगला आहे.
एक दात सोन्याचा, ती मात्र हौस.

आणि पलंगाखाली सात खोकी.
ज्यांनी घेतले नाहीत त्यांचे फोटो.
कागद गेला, शाई गेली,
तरी मागे पेन्सिलीने तारीख, गाव आणि कारण लिहिते:
डोळे मिटलेत. बायको येऊ दे. ही मी नव्हेच.
नवरा म्हणायचा, जाळून टाक एकदाचे.

मंगळवारी एजिसूहून एक मुलगी आली, अफ्राकोमा.
वडील गेले. शनिवारी माती.
फलकावर लावायला चेहरा नाही,
फोनमधला मोठा केला की
त्याचे चौकोन चौकोन होतात.

चौथ्या खोक्यात सापडले.
दुसऱ्याच कुणाच्या मातीला आलेले,
प्लास्टिकच्या खुर्चीवर हात टेकून
चौकटीबाहेरच्या कशाला तरी हसतायत.
मुलीने आधी तो उलटा केला.
मागे माझंच अक्षर:
तीन सेडी? तीन सेडीत मी दोनदा जेवतो.

ती वाचत राहिली.
मग म्हणाली, हा त्यांचाच आवाज.

किती द्यायचे?
तीस.
मागे तर तीन लिहिलंय.
पलंगाखालचं भाडं धर की, बाई.
वीस.
बापावर गेलीस.
पंचवीसला तुटलं.
तिने नोटा थुंकी लावून मोजल्या,
मी पुन्हा मोजल्या.
पुढच्या कामाचा ॲडव्हान्स मागितला, तोही दिला.

शनिवारी एकशे बारा विकले. चांगला दिवस.
फलकावर तो माणूस हसत होता,
खुर्ची कापून टाकलेली,
हात कशावर टेकलाय ते कळत नव्हतं.

अफ्राकोमाने स्वतःचा घेतला नाही.
डोळे सुजलेत, म्हणाली, कुणाला दाखवू?
मी आग्रह केला नाही.
परतताना टॅक्सीच्या उजेडात
मागे तसंच लिहून ठेवलं.