सात कोंबड्या

कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाखवून मी विचारलं,
यात काय जातं?
सनातू म्हणाली, पाणी. झाकण घट्ट असलं तर पीठही.
म्हणजे पुसून टाकायचं म्हणून मी जे काढलं होतं
त्यात ती जपून ठेवणार होती.

भिंगाला ती पळी म्हणाली, शियाच्या तेलावरची साय काढायची.
मी लिहून घेतलं. सावेलुगुतल्या त्या अंगणात
लिहिणारी मी एकटीच होते.

अक्राला परतून अक्षरं सगळी काढून टाकली,
दागबानी बोलणारा आवाज बसवला.
एक मोठं हिरवं बटण. दाबा, ऐका.
ऑफिसात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पहिल्यांदा ऐकून तिने एवढंच विचारलं,
ही कुणाची लेक?
बोलते आमचंच, पण मधे श्वास घेत नाही.

मग एका दुपारी, बिया वाळत घातलेल्या, दीर चटईवर पडलेला,
तिने बटण दाबलं
आणि त्या लेकीने खणखणीत सांगितलं:
तुमच्या खात्यात चारशे दहा सेडी.

कुणी काही बोललं नाही.
याकुबूने फक्त मान वळवली.
शुक्रवारी त्याच्या मोटरसायकलला नवा टायर होता.

वाचता येणं म्हणजे गप्प राहता येणं,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
बँकेचा कागद मी बसमध्ये, नवऱ्याच्या शेजारी बसून,
ओठ न हलवता वाचते
आणि घडी घालते.
तिला मी आवाज दिला होता. घडी दिली नव्हती.

तिसऱ्या खेपेला फक्त कोरे चौकोन नेले.
तुझं तू ठरव.
तिने बराच वेळ लावला, मधे उठून चुलीतलं लाकूड मागे ओढून आली,
मग कोळशाने काढली एक गिनी कोंबडी. अंगभर ठिपके.
पुढे ती पडद्यावर आली तेव्हा
एक कोंबडी म्हणजे किती, ते मला तोंड फिरवायला लावून
नोटांच्या रंगांवर बोट टेकवत
तिने फोनलाच सांगितलं.

आता याकुबू मान वळवतो तर कोंबड्या.
पोरांचा खेळ असेल, म्हणतो, आणि कूस बदलतो.

काल तिने फोन माझ्यासमोर धरला.
सात कोंबड्या, आणि एक अर्धी, डोकं नसलेली.
मी बघत राहिले. बचत? कुणाचं देणं? पोराची फी?
सनातू थांबली होती,
पहिल्या दिवशी मी वही उघडून थांबले होते तशी.
सांग, म्हणाली,
यात काय आहे?