युनिट चार

कलिन्याला बोर्डाच्या बैठकीत काजूकतली आली,
नव्या पाटीची.
प्रयोगशाळेला आता कंपनीचं नाव आहे,
एसी गुरगुरत नाही,
आणि तराजू चौथ्या दशांशापर्यंत खरं बोलतो.

अभ्यासक्रमाचा मसुदा फिरत फिरत माझ्यापाशी आला.
युनिट तीन. मग एकदम पाच.
मधलं हवेचं कुठं गेलं, विचारलं,
तर पाठारे सर म्हणाले, 'तास पुरत नाहीत हो, बाई.'
कंपनीचा माणूस काहीच बोलला नाही,
त्यानं फक्त बशी माझ्याकडे सरकवली.

मी सही केली.
हे लिहून ठेवते,
नाहीतर उद्या तेही गाळीन.

सोमवारी माहुलची हर्षाली
हिंगाच्या रिकाम्या डबीत काजळी घेऊन आली.
आठवडाभराची, एकाच खिडकीची,
आजोबांच्या खाटेलगतची.
'मॅडम, ही कुठल्या युनिटमध्ये येते?'

वजन केलं.
शून्य पूर्णांक तीन एक सात दोन ग्रॅम.
कंपनीच्या तराजूवर,
त्यामुळे चूक असायची शक्यता नाही.

आकडा फळ्यावर लिहिला.
तास संपला, पोरं गेली,
हर्षाली डबीचं झाकण लावत दारात थांबली.

पुसायला कुणी आलेलं नाही.
डस्टर माझ्याच हातात आहे.