पालथी कात्री

नर्सरीत मी डवरलेल्या झुडपाकडे धावले
तर मोरिवाकी म्हणाले, फुलं काय, कुणालाही येतात.
बूड बघ.
मग दोघं गुडघ्यांवर बसून
अझेलियांची बुडं बघत राहिलो,
फांद्या जमिनीलगत फुटल्यात का,
पान करंगळीच्या नखाहून लहान आहे का.
घेतलं ते सगळ्यांत कुरूप.
त्यावर एकही फूल नव्हतं, एक गोगलगाय होती.
तीही आली टेम्पोतून मात्सुएपर्यंत.

पहिलं वर्ष मी नुसती चादर अंथरली,
कापलेली पानं वेचली.
दुसऱ्या वर्षी कात्री मिळाली. पालथी धरायची.
सुलटी धरली तर पातं आत घुसतं,
पालथी गोलाईवरून मान लववून चालते.
फुलं ओसरली की आठ दिवसांत, मोरिवाकी बजावत,
उशीर केलास तर पुढच्या वर्षीच्या कळ्या कापशील
आणि तुला कळणारही नाही
पुढच्या मे महिन्यापर्यंत.

इसोनोबाईंच्या उतरत्या बागेत अकरा गोळे.
चटईवर बसून त्या चहा घेत, तिथून
गोळ्यांच्या पाठींवर तळ्याची रेघ दिसे.
बोटभर.
चाळीस वर्षं मोरिवाकींनी ती बोटभरच राखली,
दीड बोट होऊ दिली नाही.

यंदा ऑगस्टात निरोप आला.
बाई आता बसत नाहीत. अंथरूण जमिनीवरच.
मोरिवाकींनी बूट काढले, परवानगी मागितली
आणि त्यांच्या शेजारी, हातभर अंतर सोडून,
सत्तरीचा माणूस चटईला कान लावून आडवा झाला.
बराच वेळ.
मी बाहेर, सातव्या गोळ्यापाशी बांबू धरून उभी,
आतून त्यांचं बोट खाली, आणखी खाली, आणखी.

कळ्या बसल्यात, मी म्हणाले.
माहीत आहे, म्हणाले.

सातवा आणि आठवा.
हिरवं संपलं, मग काटक्या, तपकिरी, जुन्या,
आत वाळलेलं एक घरटं, त्यात दोरा.
पालथ्या कात्रीचं काम नव्हतं ते.
सुलटी धरली त्यांनी, करवतही घेतली.
मी चादरीची चार टोकं गोळा केली,
ओझं नेहमीसारखंच हलकं.

आतून आवाज नाही.
मोरिवाकी पाठमोरे, पातं पुसताहेत,
पुसून झालेलं पुन्हा पुसताहेत.

‘बोट,’ म्हणाल्या इसोनोबाई.
शिंपले काढणारी,
बोटभर पाण्यात.