अर्धी दाढी

डावा गाल झाला होता, उजव्यावर फेस,
आणि बिडव्याचा वस्तरा हवेत
पेनल्टी बॉक्स आखत होता.
"इथं उभा होता आपला बॅक. इथं!
आणि ते गिरणाऱ्याचं पोर इथून,"
म्हणजे माझ्या कानाच्या पाळीपासून,
"सरळ इथं आलं,"
म्हणजे नरड्यापाशी.
मी आवंढा गिळायचं पुढे ढकललं.

चार सीझन एकही मॅच न हरलेली शरणपूरची टीम
काल एक-शून्यनं गेली.
कुणाकडून, तर टोमॅटोच्या क्रेटवर बसून
पिकअपमधून आलेल्या पोरांकडून.
इरफान शपथेवर सांगतो,
त्यातल्या दोघांत मिळून बुटांची एकच जोडी होती,
एकाच्या उजव्या पायात, एकाच्या डाव्या.

"म्हणून तर!" गायधनी काका पेपरामागून म्हणाले,
"आपले अकरा जण आले होते ट्रॉफीसोबत फोटो काढायला.
प्रेसमध्ये बत्तीस वर्षं नोटा मोजल्या मी.
बंडल जाड दिसलं की बोट घसरतं."
कुणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी मान हलवली.
मी सोडून.

"ऑफसाइड होता. लाइन्समन द्राक्षं खात होता,
झेंडा काखेत, घड हातात."
"द्राक्षं कुणाची?"
"गिरणाऱ्याची."
दोन मिनिटं भ्रष्टाचारावर गेली.
मग कुणी म्हणालं वारा, कुणी म्हणालं मुरूम,
चेंडू खड्यावरून उडाला,
कुणी म्हणालं स्टीव्हनला बसवायलाच नको होतं,
साखरपुडा झाला म्हणून काय,
साखरपुडा काय पायाचा होतो?

तेवढ्यात देवळालीकडे तोफ उडाली.
आरसा थरथरला,
आरशात आम्ही सहाजण थरथरलो,
आणि सातवा दारात उभा होता.

एलियाब. गोलकीपर.
ज्याच्याकडून बिडवे कधी पैसे घेत नसे.
अंगठ्याला पट्टी, पायात घरातल्या चपला,
आणि ती मिशी.
पहिल्या सीझनला याच खुर्चीत बसून म्हणाला होता,
हरलो तर उतरवीन.
चार वर्षं ती वाढली त्याच्या ओठावर,
पण पीळ आम्ही दिला,
सिन्नरला, निफाडला, सासुरवाडीच्या ओट्यावर,
जिथं कुणी फुटबॉल विचारतसुद्धा नाही तिथं.

आता ऑफसाइड कुणी काढेना.
काकांनी पेपर उलटा धरला.
इरफान म्हणाला, "थंडी आहे, नाही?"
जानेवारीत.

एलियाब शेजारच्या खुर्चीत बसला, मान मागे टाकली.
"काढ."
बिडवे वस्तरा पुसत राहिला,
पुसून झाल्यावरही पुसत राहिला.
"अरे, वारा होता काल."
"नव्हता."
"मग मुरूम..."
"चेंडू सरळ आला, बिडवे. पोरगं बारकं होतं.
मला वाटलं, हे काय मारणार.
एवढंच झालं."

एवढंच झालं, याच्यावर कुणाकडे मुद्दा नव्हता.

ब्रश फिरला. मिशी पांढरी झाली,
मग नव्हतीच.
खालचा ओठ तोच, ओळखीचा.
वरचा मात्र चार वर्षं उन्हात न आलेला, फिकट,
त्याच्या धाकट्या भावाकडून
एका दिवसापुरता मागून आणल्यासारखा.
त्यानं आरशात पाहिलं, बोट फिरवलं,
आणि त्याचं त्यालाच हसू फुटलं.

"बूट दोन्ही होते हां त्याच्या पायात,"
जाताना इरफानला म्हणाला.
फळीवर वीस रुपये ठेवले.
बिडव्यानं ते उचलले नाहीत, परतही दिले नाहीत.

दार थोडा वेळ हलत राहिलं.
एलियाब चर्चच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत
सगळे कंगव्यांकडे बघत होते.
मग हळूच, पेपरामागून,
"तरी पण, ऑफसाइड होताच."
"होता ना!"
बिडव्याचा वस्तरा पुन्हा हवेत गेला.

"अहो," मी म्हणालो, "माझा उजवा गाल."
फेस केव्हाच वाळला होता,
आणि बोललो तसा
त्याला तडा गेला.