बशीतले बारा मणी

मोरकमचा वारा खिशात मीठ घेऊन हिंडतो.
बिजागरी खातो, सायकलची साखळी खातो.
ज्या व्हॅनमधून मी चाळीस वर्षं कोळंबी विकली
तिच्या दाराचा त्याने पापड केला होता.

म्हणून ही गाडी,
जी अठ्ठावीस खोक्यांतून आली
आणि अजून गाडी म्हणावी अशी झालेली नाही,
तिच्या दिव्यांचा एकेक सांधा मी रबरात कोंडतोय.

अडचण एवढीच, की मला तांबडं दिसत नाही.
म्हणजे दिसतं, पण हिरव्यासारखं,
आणि हिरवं मातीसारखं.
एकाहत्तर साली प्रेस्टनच्या रेल्वे कचेरीत
डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं.
आकडा कोणता? मी म्हटलं, ठिपके आहेत.
त्याने पुस्तक मिटलं.
सिग्नलच्या केबिनचा जिना मी कधी चढलो नाही.

शेजारची तबिथा अकरा वर्षांची.
शनिवारी येते, तारांची जुडी मांडीवर घेते,
मेथी निवडावी तशी निवडत बसते.
"ही हिरवी, तांबडी रेघ. डावा इंडिकेटर.
ही हिरवी, पांढरी रेघ. उजवा.
ही नुसती काळी."
काळी मला कळते गं.
"मग काळ्या तुम्ही करा, ब्रेथवेटकाका."

काळ्या पुष्कळ आहेत.
पत्र्याच्या गाडीत दिवा कुठेही टेकला
की अंगाअंगातून विजेला परतवाट सापडते.
हिचं अंग फायबरग्लासचं, ठार बहिरं.
इथे प्रत्येक दिव्याला जायची एक तार
आणि यायची एक, वेगळी, मोजून.

आधी रबराचा मणी तारेत ओवायचा.
मग साल काढायची, तांबं उघडं करायचं.
मग टोक चढवायचं, त्याला दोन पंख:
एक तांब्यावर मुडपायचा, दुसरा मण्यावर.
मग घरात सारायचं, टक् होईपर्यंत.
काल रात्री एकट्याने बारा टोकं दाबली.
अगदी पक्की. ओढून पाहिली.
मग बशीकडे लक्ष गेलं.
बारा मणी, तसेच्या तसे.
विनिफ्रेडने वरून विचारलं, काय झालं?
म्हटलं, बारा.

आज बॅटरी जोडली.
तबिथा नाकासमोर जाऊन उभी राहिली, हात कमरेवर.
मी दांडी डावीकडे पाडली.
"उजवा लागला!"
पुन्हा पाडली.
"उजवाच!"
पोटात गोळा. म्हणजे सगळी घरं उचकटायची,
टोकं ओढायची, मणी फाटणार —
तुला नक्की तांबडी रेघ दिसली होती?
आवाज चढला माझा. ती गप्प.
तिच्या गालांवर काहीतरी आलं,
मला न दिसणारं, आणि तरी दिसलं.

मग हळूच म्हणाली,
"माझा उजवा.
मी तुमच्याकडे तोंड करून उभी आहे ना."

इतक्या चटकन माफी
मी विनिफ्रेडचीसुद्धा कधी मागितली नाही.

तबिथाने भरतीचं पाणी बादलीने आणलं
आणि दिव्यावर ओतलं. दोनदा.
दुसऱ्यांदा काही गरज नव्हती.
टिक, टिक, दिवा आपला चालू.
रंग कोणता गं?
"नारिंगी," ती म्हणाली, मग थांबली,
"म्हणजे मार्मालेड."
ते मला ठाऊक आहे, जिभेला.

मागच्या जोडणीत एक घर रिकामं राहिलंय,
धुक्याच्या दिव्याशेजारचं. त्यात तार यायचीच नाही.
तिथे बिनभोकाचा मणी बसवावा लागतो,
नाहीतर पाणी नेमकं तिथूनच शिरतं.
बशी पाहिली, बाकाखाली पाहिलं, टॉर्च घेतला.
शेवटी तबिथाच्या खिशातून निघाला.
त्याला बिस्किटाचा चुरा लागलेला होता.